वीस वर्षं आडवी ठेवलेली बाटली

ती बाटली मला मिळाली तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते आणि त्या वर्षापर्यंत जन्मात कधी दारूचा थेंब चाखलेला नव्हता. दिली ती एका म्हाताऱ्या इटालियन बाईने. तिच्या घरी मी तीन महिने भाड्याने राहिले होते.

मी भात संशोधन केंद्रात नोकरीला होते. भाताच्या जुन्या वाणांचं बियाणं जमवायचं, दर काही वर्षांनी ते पेरून नवं करायचं आणि पुन्हा जपून ठेवायचं, हे आमचं काम. त्या कामाच्या प्रशिक्षणासाठी मला उत्तर इटलीत पाठवलं. इटलीत भात होतो हे इथे कुणाला सांगितलं तर अजूनही खरं वाटत नाही. पण तिथे मैलोन् मैल बांध्या, म्हणजे भाताची खाचरं आहेत, आपल्यापेक्षा मोठ्या आणि सपाट. एप्रिलमध्ये त्यांत पाणी सोडतात तेव्हा दूरचे बर्फाचे डोंगर उलटे होऊन त्या पाण्यात दिसतात. बगळे आपल्याकडच्यासारखेच. डास आपल्याकडच्यापेक्षा मोठे.

म्हातारी पंचाहत्तरीची होती, विधवा. मला तिची भाषा येत नव्हती, तिला इंग्रजी येत नव्हतं. पहिल्या आठवड्यात एकदा तिने माझ्या केंद्राच्या कागदावरचं भाताच्या लोंबीचं चित्र पाहिलं आणि स्वयंपाकघरात मधोमध उभी राहून कमरेत वाकली. दोन्ही हातांनी काहीतरी उपटत मागे मागे सरकू लागली. तरुणपणी ती भाताच्या निंदणीला जायची, हे मला तेवढ्यावरून कळलं. मग मीही वाकले आणि माझी आई रोवणी कशी करायची ते तिला करून दाखवलं. एकीचा हात उपटत होता, दुसरीचा लावत होता. त्या दिवसानंतर आमचं जमलं.

रोज संध्याकाळी ती टेबलावर धुतलेलं कापड अंथरायची आणि स्वतःसाठी एक छोटा ग्लास लाल वाईन ओतायची. मी येण्याआधीही ती हे एकटीसाठी रोज करत असणार. एक दिवस तिने माझ्यासाठीही दोन घोट ओतले. मी प्यायले आणि कच्चं तेंदूचं फळ चावल्यासारखं झालं. जीभ, हिरड्या, टाळू, सगळं आखडून आलं. माझं तोंड पाहून ती हसली नाही. तिने मूठ घट्ट आवळून माझ्यासमोर धरली, त्या ग्लासाकडे बोट दाखवलं आणि मग एक एक बोट सावकाश उघडत पूर्ण पंजा पसरला. ही वाईन अजून मिटलेली आहे, असं ती सांगत होती.

निघायच्या आदल्या दिवशी ती मला तळघरात घेऊन गेली. तिथे बाटल्या आडव्या रचून ठेवल्या होत्या. भातशेतांच्या वरच्या अंगाला ज्या टेकड्या आहेत, तिथे तिच्या नवऱ्याचा लहानसा द्राक्षमळा होता. तो मळ्यातल्या नेब्बिओलो द्राक्षांची वाईन स्वतः करायचा. शेवटच्या हंगामातल्या अकरा-बारा बाटल्या उरल्या होत्या. त्यातली एक तिने माझ्या हातात दिली. दहा बोटं दाखवली, मिटली, पुन्हा दहा दाखवली.

तिच्या सुनेला थोडं इंग्रजी येत होतं. तिने मला समजावून सांगितलं की बाटली आडवी ठेवायची, अंधारात, थंडाव्याला, आणि हलवायची नाही. वीस वर्षांनी ती ऐन भरात येईल. थोडी वर्षं तशी राहील आणि मग उतरत जाईल. मी विचारलं, भरात आली हे कळणार कसं? सुनेने सासूला विचारलं. सासूने खांदे उडवले. प्यायल्यावर, असं तिचं उत्तर होतं.

मी बाटली स्वेटरमध्ये गुंडाळून आणली. आणल्यावर लक्षात आलं की गोंदियाजवळच्या आमच्या गोरेगावात अंधार मिळेल, थंडावा कुठून मिळणार? मे महिन्यात आमच्याकडे पंखा लावला तरी झळाच अंगावर येतात. शिवाय घरी आई होती. लेक परदेशातून दारूची बाटली घेऊन आली, हे तिला सांगायची माझी छाती नव्हती.

केंद्रात बियाण्यांची एक थंड खोली होती. ती माझ्या एका सहकाऱ्याच्या ताब्यात असायची. ते गोंदियापलीकडच्या दवनीवाड्याचे, पोवार शेतकऱ्याच्या घरातले, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे, मीही म्हणायची. मी त्यांना खरं ते सांगितलं. त्यांनी बाटली उलटसुलट पाहिली, खोलीत नेली आणि सर्वांत खालच्या फळीवर, कापडी पिशव्यांच्या मागे आडवी ठेवली. वर आमच्या वाणांना बांधतो तशी पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली. हे वाण उगवायले वीस वर्षं लागते, असं म्हणाले.

तिथून ती बाटली आम्हा दोघांची झाली. वर्षातून एकदा बियाणं बाहेर काढायची वेळ आली की ते मला सांगायचे, झोपून आहे तुमची. एका मे महिन्यात दोन दिवस वीज नव्हती आणि जनरेटरही बंद पडला. त्यांनी गोंदियाहून बर्फाच्या लाद्या आणल्या. आणल्या त्या बियाण्यांसाठीच, पण एक लादी खालच्या फळीशी सरकवलेली मी पाहिली. जेवणाच्या सुट्टीत कधीतरी ते विचारायचे की कशी लागत असेल. मी म्हणायची, माहीत नाही भाऊ, मी तर कच्चीच प्यायले होते. मग ते स्वतःच काहीतरी कल्पना करायचे. मधासारखी असेल. पहिल्या धारेच्या मोहाच्या दारूसारखी असेल, पण जळजळ नसेल. दर वर्षी ती त्यांच्या मनात अधिक गोड होत गेली.

त्या वर्षांमध्ये माझी आई गेली. म्हातारीकडून नाताळचं कार्ड यायचं, ते एका वर्षी सुनेच्या अक्षरात आलं, ती गेली असं सांगणारं. त्यानंतर कार्ड आलं नाही. भाऊ निवृत्त झाले, दोन वर्षांनी मी झाले. शेवटच्या दिवशी मी बाटली ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळून घरी आणली आणि फ्रीजच्या खालच्या भाजीच्या खणात आडवी ठेवली. भाजी वरच्या कप्प्यात गेली. एकटीला भाजी लागते तरी किती?

निवृत्तीनंतर पहिलं वर्षभर लोक येत होते. कुणाला बियाणं पाहिजे, कुणाला भातावरचा करपा कसा थांबवायचा ते विचारायचं असे. मग तेही थांबले. पुण्याला भाची आहे, ती रविवारी फोन करते. भाऊंचा फोन आधी आठवड्याला यायचा, मग महिन्याला, मग दिवाळीला. माझ्या एक दिवस लक्षात आलं की सकाळी पहिला शब्द मी दूधवाल्याशी बोलते. पुढे तो यायचा बंद झाला आणि दूध दुकानातून पिशवीत येऊ लागलं. तेव्हापासून काही दिवशी दुपारपर्यंत माझा आवाज मला ऐकू येत नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. घर माझं आहे, पेन्शन येते, गुडघे चालतात. पण घरात भांडं पडलं तर ते पडल्याचं माझ्याशिवाय कुणाला कळत नाही, एवढंच.

या जानेवारीत साल बदललं आणि माझ्या हिशेबाने वीस वर्षं झाली. मी भाऊंना फोन केला.

“आली का वेळ?” त्यांनी विचारलं.

एकट्या बाईच्या घरी वाईन प्यायला एकटे येणं त्यांना बरं दिसलं नसतं, मलाही नाही. येत्या रविवारी वहिनीला घेऊन येतो म्हणाले. मी गोंदियाला जाऊन काचेचे ग्लास आणले, मोठ्या पोटाचे, खाली दांडा असलेले. सुटे मिळत नव्हते, सहाचा खोका घ्यावा लागला. बूच काढायचा स्क्रू ऑनलाइन मागवला. म्हातारी करायची तसा भात मी करणार होते, भाज्यांच्या पाण्यात हळूहळू ढवळत शिजवलेला, दाटसर. त्यासाठी चिन्नोर तांदूळ काढून ठेवला.

रविवारी एकच्या सुमाराला मोटरसायकल दारात थांबली. थंडी होती, वहिनींनी डोक्यावरून शाल घेतली होती. भाऊंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि ते जरा लाजल्यासारखे दिसत होते. मी पानं वाढायला घेतली तेव्हा वहिनी हळूच म्हणाल्या की त्यांची एकादशी आहे, आम्ही दोघांनी घ्यावं, त्यांना शेंगदाणे आणि केळी पुरेत. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं. वीस वर्षं मोजली होती, पण पंचांग पाहिलं नव्हतं. पुढच्या रविवारी करू या का, असं मी विचारलंही. वहिनी म्हणाल्या, माझ्यासाठी थांबू नका. भाऊंनीही मान हलवली. त्यांना आता थांबवत नव्हतं, आणि खरं म्हणजे मलाही.

बूच मध्येच तुटलं. अर्धं बाहेर आलं, अर्धं आत अडकलं. भाऊंनी ते लाटण्याच्या टोकाने आत ढकललं. मग आम्ही ती वाईन धुतलेल्या मलमलीतून काचेच्या तांब्यात गाळली. रंग पाहून मला धक्का बसला. माझ्या आठवणीतली वाईन गडद होती. ही पातळ लाल, कडेला जुन्या कौलासारखी विटकरी झालेली. वास घेतला तर बंद खोलीचा. भाऊंनी विचारलं, खराब तं नाही झाली? मी म्हटलं, माहीत नाही.

आम्ही दोघांनी एकाच वेळी घोट घेतला. तुरटपणा गेला होता. जीभ आखडली नाही. पण मी माझ्या तोंडातल्या चवीकडे पाहतच नव्हते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते.

त्यांनी दुसरा घोट घेतला. तिसरा घेतला. ग्लास खाली ठेवला.

“मॅडम, खरं सांगू?” ते म्हणाले. “मले काहीच समजून नाही राहिलं. आंबट लागून राहिली थोडी. बस.”

मी म्हटलं की थोडा वेळ जाऊ द्या, उघडून हवा लागली की ती बदलते, असं सुनेने सांगितलं होतं. त्यांनी थांबून पाहिलं. ग्लास औषध संपवावं तसा संपवला. दुसरा नको म्हणाले, गाडी चालवायची आहे. भात खाताना मात्र त्यांनी फार कौतुक केलं. हा माणूस पंचवीस वर्षांत माझ्या डब्यातल्या कुठल्याही पदार्थाला चांगलं म्हणाला नव्हता. भात गिल्ला, म्हणजे ओलसर मऊ झाला असेल तर तोंडावर सांगायचा. त्या दिवशी तो गिल्ल्या भाताचं कौतुक करत होता आणि मला ते ऐकवत नव्हतं.

वहिनी उठून भाऊंचा ग्लास विसळायला मागच्या दारी गेल्या. बराच वेळ पाण्याचा आवाज आला नाही म्हणून मी पाहिलं. त्या रिकामा ग्लास नाकाशी धरून उभ्या होत्या.

“ताई, याले मोहफुलाचा वास येऊन राहिला,” त्या म्हणाल्या. “सुकलेल्या फुलाचा.”

भाऊ आतून म्हणाले की तिचं माहेर देवरीकडचं, जंगलातलं, तिला सगळ्यालाच मोहाचा वास येतो. आम्ही हसलो. मीही हसले. वहिनींनी ग्लास विसळला आणि पालथा घातला.

साडेचारला ते निघाले, अंधाराच्या आत घरी पोचायचं म्हणून. मोटरसायकलचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला. मी आत आले. तांब्यात निम्म्याहून जास्त वाईन होती. भांडी घासली, ओटा पुसला, मग आणखी काही करायला उरलं नाही म्हणून ग्लासात थोडी ओतून मागच्या दारी खुर्ची टाकून बसले.

आणि ती उघडली. दुसरा शब्द मला सुचत नाही. आधी सुकलेल्या गुलाबाचा वास आला, देवघरातल्या कालच्या फुलांचा असतो तसा. मग तेंदूपत्त्याच्या पुड्यांनी भरलेलं गोदाम उघडल्यावर येतो तो, आणि त्यामागे कुठेतरी तंबाखू, नवीन रस्त्याचं डांबर. आणि मोहफूल. उन्हात वाळून मनुक्यासारखं झालेलं मोहफूल, अगदी स्पष्ट. घोट घेतला तर तोंडात गोडी पसरली, साखरेचा कण नसताना. जे वीस वर्षांपूर्वी बोचत होतं, ते आता जिभेवरून रेशमासारखं गेलं. गिळल्यावरही ते राहिलं. मी मनात मोजत होते, किती वेळ राहतं ते. शेजारच्या घरी कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या तरी चव तोंडात होती.

मला इतका आनंद झाला की मी उभी राहिले. उभं राहून काय करायचं ते कळेना. आनंद म्हणजे गरम पातेलं दोन्ही हातांत धरल्यासारखा झाला होता आणि खाली ठेवायला जागा नव्हती. भाऊंना फोन करावा असं वाटलं, पण ते गाडीवर असणार. आणि फोनवर काय सांगणार होते? तुम्ही तासभर लवकर गेलात?

भाचीला फोन लावला. ती कुठल्याशा दुकानात होती. आत्या, तू वाईन पितेस, म्हणून ती मोठ्याने हसली आणि बरोबरच्या कुणाला तरी ते सांगितलं. मग कुठली आहे, केवढ्याची आहे, फोटो पाठव म्हणाली. प्रेमाने बोलत होती. मी फोटो पाठवला. तिने त्यावर टाळ्यांचं चित्र पाठवलं.

मग मी एकटीने प्यायले, सावकाश, दिवे लागेपर्यंत. प्रत्येक घोट आधीच्यापेक्षा थोडा वेगळा होता. मला त्या म्हातारीचं टेबल आठवलं नाही, आई आठवली नाही, कुणीच आठवलं नाही. कुणी आठवलं असतं तर सोबत झाली असती. पण त्या वेळी फक्त ती चव होती आणि मी होते, आणि ती ऐन भरात आहे हे साऱ्या गोरेगावात मला एकटीला माहीत होतं. इतकं एकटं मला आई गेली त्या रात्रीही वाटलं नव्हतं. तेव्हा घरात माणसं होती.

पाव तांब्या मी दुसऱ्या दिवसासाठी झाकून ठेवला. सकाळी वास घेतला तर काही नव्हतं. चव निवून गेलेल्या चहासारखी. ओतून दिली, तांब्या आणि बाटली साबणाने धुतली, बाटली माळ्यावर ठेवली.

दहा-बारा दिवसांनी, बाजाराच्या दिवशी, दुपारी कडी वाजली. वहिनी होत्या, एकट्या. गोंदियाला गाडी बदलून एसटीने आल्या होत्या. आमच्या इतक्या वर्षांच्या ओळखीत त्या माझ्याकडे एकट्या कधीच आल्या नव्हत्या. मी घाबरून भाऊंचं विचारलं. ते बरे आहेत म्हणाल्या. त्या रविवारी घरी गेल्यावर ते जेवले नाहीत, मॅडमचा हिरमोड केला मी, असं दोन दिवस म्हणत राहिले. मी म्हटलं, त्यांनी खरं ते सांगितलं, मला त्याचं काही नाही.

चहा झाला. वहिनींनी बशी खाली ठेवली, पदर सारखा केला.

“ताई,” त्या म्हणाल्या, “त्या दिवसची थोडी उरली आहे का?”

मी कपबशा उचलायला लागले.

“नाही उरली, वहिनी.”

“हो. उरत नसंलच.” त्यांनी मान हलवली. “एकादशी नसती तं घेतली असती. वास डोक्यातून जाऊन नाही राहिला.”

मी उठून माळ्यावरून बाटली काढली. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरून वास घेतला. साबणाचा आला. त्यांनी तसं म्हटलं नाही, पण मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. त्या दिवशी मी टेबलापलीकडच्या माणसाकडे टक लावून बसले होते आणि ज्या बाईला नुसत्या रिकाम्या ग्लासातून कळलं होतं, तिला मी केळी दिली होती. पुन्हा एकदा घ्या म्हणून आग्रहसुद्धा केला नव्हता. दुसऱ्या दिवशी उपास सोडल्यावर घ्या म्हणून एका लहान बाटलीत काठोकाठ भरून, बूच लावून दिली असती तरी चाललं असतं. सुचलंच नाही.

मी त्यांना मोहाचं विचारलं. त्या सांगू लागल्या. लहानपणी उजाडायच्या आधी टोपली घेऊन झाडाखाली जायचं, फूल गळत असतं, अंगावरही पडतं. अंगणात वाळत घातलं की दोन दिवसांनी रंग बदलतो आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वास सर्वांत चांगला येतो. चौथ्या दिवशी तो वेगळाच होतो. हे तिसऱ्या दिवसाचं त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. लग्न होऊन दवनीवाड्याला आल्यावर तिथे नुसत्या बांध्याच बांध्या.

त्यांना पोचवायला मी बसस्टँडवर गेले. बाजाराची गर्दी होती. आम्ही एका बाकावर बसलो आणि त्यांनी विचारलं, कशी लागली? तोवर मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगू लागले. गुलाबाचं सांगितलं, तेंदूपत्त्याच्या गोदामाचं सांगितलं, आणि त्या मध्ये मध्ये विचारत होत्या, गोडी आधी की नंतर, घशात की जिभेवर. बस आली तेव्हा मी अर्ध्यात होते. त्या चढल्या, खिडकीशी बसल्या. पुढच्या बाजारी येते म्हणाल्या.

त्यानंतर दोन बाजार झाले. त्या आल्या नाहीत. मी फोन केला तेव्हा भाऊ म्हणाले की तिचा गुडघा सुजला आहे, प्रवास नको म्हणून सांगितलं आहे डॉक्टरने. वहिनींना फोन द्या म्हणायला मी कचरले, आणि ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

गोंदियाहून दवनीवाड्याला सकाळी गाडी किती वाजता असते, ते मी काल स्टँडवर जाऊन विचारून आले.